डॉक्टरांचं 'ते'

मेंदूचे डॉक्टर गेली बावीस वर्षं एकाच शब्दावर ऑपरेशनं करत होते, आणि तो शब्द होता 'ते'.

एरवी माणूस बोलका. लिफ्टमध्ये भेटले तर समोरच्याचा मजला चुकवायचे, कॅन्टीनमध्ये भेटले तर त्याचा चहा निववायचे. पण एकदा मास्क चढला आणि डोळे मायक्रोस्कोपला लागले की सगळी भाषा आटून हा एक शब्द उरायचा. उजवा हात बाजूला पसरायचा, मान न वळवता म्हणायचं, "ते." की हातात कात्री. "ते." की हातात चिमटा. कात्री असो, चिमटा असो, कापसाची पट्टी असो, डॉक्टरांच्या लेखी सगळ्यांचं नाव एकच.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं 'ते' म्हणजे क्लिप. मेंदूतल्या रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी कच्ची पडते आणि तिथे फुगा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. फुटला तर माणूस उभ्याचा आडवा. तो फुटायच्या आत कवटी उघडून, मेंदूच्या दोन पाळ्यांमधली फट सोडवत सोडवत त्या फुग्यापर्यंत जायचं आणि त्याच्या मानेवर नखाएवढी क्लिप बसवायची. फुग्यात रक्त शिरायचं बंद, मूळ वाहिनी वाहती. सांगायला अर्धं मिनिट, करायला पाच तास.

क्लिपाही एक-दोन नाहीत. काही सरळ, काही वाकड्या, काही मध्येच पायरीसारखी मोड घेतलेल्या. काहींना बुडाशी बारीक कडं असतं, वाटेत आलेली चांगली वाहिनी त्या कड्यातून सुखरूप जाऊ द्यायला. शिवाय प्रत्येकीच्या पाच-पाच लांब्या. या साठ-सत्तर क्लिपांमधून नेमकी हवी ती, चिमट्यात धरून, डॉक्टरांच्या तळहातावर येऊन टेकायची. ती कशी येते हा प्रश्न डॉक्टरांना बावीस वर्षांत पडला नव्हता. नळ सोडला की पाणी येतं. ते कुठून येतं हे नळाखाली बसलेला माणूस कशाला विचारतो?

ते येत होतं मोठ्या सिस्टरांकडून.

मोठ्या सिस्टर अंगाने लहानखुऱ्या होत्या, पण थिएटरमध्ये त्यांना सगळे मोठ्या सिस्टरच म्हणत. टेबलाजवळ पायाखाली लाकडी पाट घेऊन उभ्या राहत. कमी बोलत, आणि बोलल्या की समोरच्याला आपला नखं कापायचा वार आठवे. डॉक्टरांशी त्यांचं कधी वाजलं नाही, कारण वाजायला दोघांनी बोलावं लागतं.

एका मंगळवारी मोठ्या सिस्टर सामानाच्या खोलीत स्टुलावरून पडल्या. लागलं काही नाही, पण पडल्या कशा हे बघायला त्यांच्या डोक्याचे फोटो काढले. दुपारी त्या हातात फिल्म घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "डावी बाजू. मधली धमनी, जिथे फाटा फुटतो तिथे. आठ मिलिमीटर. मान रुंद आहे आणि बुडातून एक फांदी निघालीय."

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "वा. अवघड आहे, पण सुंदर आहे. कोणाचं?"

"माझं."

डॉक्टर खुर्चीत बसले. खुर्ची थोडी मागे होती, पण सिस्टरांनी ती वेळेवर पुढे सरकवली.

हॉस्पिटलात आणखी एक डॉक्टर होते. ते कवटी न उघडता मांडीतून तार घालून थेट मेंदूपर्यंत जात आणि फुग्यात प्लॅटिनमची गुंडाळी भरून ठेवत. त्यांना सगळे तारवाले म्हणत. त्यांनी फोटो पाहून मान हलवली. म्हणाले, मान एवढी रुंद आहे की गुंडाळी भरली तरी बाहेर लोळत येईल. याला क्लिपच हवी.

"मग मीच करणार," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तुमच्यासाठी मी नाही करणार तर कोण?"

"ते ठरलेलंच आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझी अडचण दुसरी आहे. माझं डोकं उघडल्यावर तुम्ही हात पसराल आणि म्हणाल, 'ते'. आणि मी काही देणार नाही. मी टेबलावर झोपलेली असेन."

डॉक्टर हसले. मग ते हसू एकेक पायरी उतरत गेलं आणि तळाला जाऊन बसलं.

डावी बाजू म्हणजे बोलण्याची बाजू. सिस्टरांच्या फुग्याच्या बुडातून निघालेली ती फांदी शब्दांच्या मुलखाला रक्त पुरवत होती. क्लिप बसवताना ती चिमटली तर माणूस जगेल, चालेल, जेवेल, पण बोलेल याची खात्री नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही.

मोठ्या सिस्टरांच्या जागेवर जी बाई आली ती हाडांच्या विभागातून. वय पस्तिशीचं, दंड कसलेले, आवाज खणखणीत. तिला सगळे हाडांकडची म्हणू लागले. तिकडे हातोडा म्हटलं की हातोडा, करवत म्हटलं की करवत, आणि तेही तळहातावर असं आपटून द्यायचं की घेणाऱ्याला मिळाल्याची पावती मनगटापर्यंत पोचावी. गुरुवारी डॉक्टरांनी तिच्यासोबत पहिलं ऑपरेशन केलं. साधीच गाठ होती.

"ते," डॉक्टर म्हणाले.

"काय, सर?"

"ते गं."

"सर, इथे त्र्याहत्तर वस्तू आहेत. मी मोजल्यात."

"ते... लांब. चपटं."

तिने लांब आणि चपटं असं जे होतं ते दिलं. तो खरं तर स्टुलाची उंची वर-खाली करायचा दांडा होता, पण ऐकलेल्या वर्णनात चोख बसत होता. दोन तासांचं काम साडेचार तास चाललं. उशाशी बसलेले भूलवाले डॉक्टर शब्दकोड्यातून मान वर काढून म्हणाले, "लवकर आटपा. नाहीतर पेशंट उठून विचारेल, सापडलं का म्हणून."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. क्लिपांचा ट्रे त्यांनी त्या दिवशी प्रथमच नीट डोळे उघडून पाहिला. कुठली क्लिप कशी बसते, कुठे घसरते, किती दाबते, हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त एकीचंही नाव येत नव्हतं. शिकताना पाठ केली होती, पण ज्याचा जिभेला उपयोग पडत नाही ते जीभ कशाला सांभाळून ठेवते?

घरी येऊन त्यांनी सराव करायचं ठरवलं. जेवताना हात पसरला आणि नेटाने म्हणाले, "मीठ दे."

बायकोने चमचा खाली ठेवला. "काय झालं?"

"कुठे काय? मीठ मागितलं."

"लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तुम्ही कधी मिठाला मीठ म्हणाला नाहीत. छातीत दुखतंय का?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे इकडे मी आणि तिकडे त्या. बिचाऱ्या." मग तिने मीठ दिलं. डॉक्टरांना हवं होतं ते पाणी, आणि पाण्याचा पेलाही तिने सोबतच ठेवला होता.

शनिवारी मोठ्या सिस्टर हॉस्पिटलात दाखल झाल्या. रक्तदाब काबूत ठेवायचा, मग शुक्रवारी ऑपरेशन. संमतीचा कागद समोर ठेवला तर त्यांनी तो उशीखाली सरकवला.

"आधी परीक्षा," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून रोज पाच वाजता. पास झालात की सही."

"सिस्टर, मी विभागप्रमुख आहे."

"म्हणून तर तोंडी घेतेय. लेखी घेतली असती तर चारचौघांत पेपर गेला असता."

त्यांनी जुन्या, बाद झालेल्या क्लिपांची एक डबी आणवून घेतली होती. पाचच्या ठोक्याला डॉक्टर खाटेजवळच्या स्टुलावर बसत. हाडांकडची पायथ्याशी हाताची घडी घालून उभी राही. ती इथे कशाला, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. चारचौघांत शोभा नको, हा मुद्दा सिस्टरांचाच होता.

"ती पाणी द्यायला आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "घसा कोरडा पडला तर."

घसा खरोखरच कोरडा पडत होता. सिस्टर विचारायच्या, "फुगा आडवा आहे, मान खोल आहे, समोर हाताला जागा नाही. काय मागाल?" डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे फुगा लख्ख उभा राही. क्लिप कुठून न्यायची, कुठे वळवायची, सगळं दिसे. आपसूक उजवा हात पुढे येई, बोटं हवेत काहीतरी चाचपडत, आणि तोंडातून निघे, "ते... आपलं ते... मोडलेलं."

"मोडलेलं काय? खेळणं?"

"पायरीसारखं."

"दहापैकी दोन."

दुसऱ्या दिवशी तीन मिळाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी प्रश्नच चुकीचा असल्याचा वाद घातला, म्हणून एक. हाडांकडचीकडे पाहावं तर ती यांच्या तोंडाकडे बघतही नसे. मान खाली घालून उभी. डॉक्टरांना वाटे, आपली फजिती बघवत नाही बिचारीला. मनाने चांगली दिसते.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधीच पुस्तकं उघडली. डॉक्टरांनी चिठ्ठ्या केल्या. आरशाला सरळ, कपाटाला वाकडी, फ्रिजला कडंवाली. बायको दूध काढायला गेली की फ्रिजचं दार धरून त्यांना प्रश्न विचारी. गुरुवारी सकाळी सगळं पाठ झालं होतं. संध्याकाळी पाच वाजता, मोठ्या सिस्टरांचे डोळे समोर आले, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"समजा," सिस्टर म्हणाल्या, "फुग्याच्या बुडातून फांदी निघालीय. मान पूर्ण दाबायची आणि फांदीला धक्का लागू द्यायचा नाही. काय मागाल?"

हा 'समजा' कुणाच्या डोक्यातला आहे हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. डॉक्टरांना ती क्लिप दिसली. फांदी तिच्यातून कशी जाईल तेही दिसलं. हात पुढे गेला. अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकला आणि तपकिरीची चिमूट धरल्यासारखा तिथेच घोळत राहिला.

"ते," डॉक्टर म्हणाले. "ते हो, सिस्टर. फ्रिजवरचं."

मोठ्या सिस्टर त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या हाडांकडचीकडे बघत होत्या. हाडांकडची पुढे झाली, डबीतून एक क्लिप उचलली आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. बुडाशी कडं असलेली.

"हेच," डॉक्टर म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी उशीखालून कागद काढला, चष्मा लावला आणि सही करून टाकली.

"पण मी नापास झालो," डॉक्टर म्हणाले.

"झालात."

"मग सही कशी केलीत?"

"कंटाळा आला मला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?"

डॉक्टर खोलीबाहेर आले ते मान खाली घालून. बाहेरच्या बाकावर सिस्टरांचे यजमान डबा मांडीवर घेऊन बसले होते. निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दारोदार निरोप पोचवून आता स्वतः फारसं बोलत नसत. डॉक्टरांना पाहून उभे राहिले.

"ती बोलेल ना, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. "नंतर. म्हणजे काय आहे, आमच्या घरात दुसरं कोणी बोलत नाही."

डॉक्टरांना लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये जे शब्द सापडत त्यातला एकही सापडला नाही. त्यांनी पोस्टमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी जाऊन फ्रिजसमोर उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी आठला सुरुवात झाली. केसांची एक पट्टी काढली, कातडी बाजूला केली, हाडाची खिडकी उघडली. हाडाच्या कामात हाडांकडचीने असा जोर आणला की भूलवाले डॉक्टर म्हणाले, "सावकाश. आत माणूस आहे." त्या माणसाचं डोकं आपण कधी इतक्या जवळून पाहिलं नाही, हे डॉक्टरांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते निकराने मनातून काढून टाकलं. मायक्रोस्कोप खाली आला. पाळ्यांमधली फट, तिच्यावरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं नाजूक पटल, एकेक धागा कापत आत. डॉक्टर प्रत्येक वस्तू नावाने मागत होते आणि हाडांकडची प्रत्येक वस्तू आपटून देत होती. बावीस वर्षांत या थिएटरने एवढी नामं ऐकली नव्हती. भूलवाल्यांनी शब्दकोडं मिटून ठेवलं.

साडेअकराला फुगा दिसला. लालबुंद, पातळ, ठोक्यासरशी फुगणारा. बुडाशी ती फांदी अगदी बिलगून.

फुग्याच्या मानेशी काम करायचं तर मागून येणारा रक्ताचा लोंढा थोडा वेळ थांबवावा लागतो. त्यासाठी मूळ वाहिनीला तात्पुरती क्लिप लावतात. मग घड्याळ सुरू होतं. मेंदूचा तेवढा भाग रक्ताविना किती वेळ कळ काढणार? पाच मिनिटांपुढे जाऊ नये. भूलवाले डॉक्टर मिनिटं मोजत. या कामात मात्र ते कधी विनोद करत नसत.

तात्पुरती क्लिप लागली. फुगा थोडा मऊ पडला.

"वाकडी, नऊ मिलिमीटर," डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पाठांतर फळाला आलं होतं. त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

क्लिप तळहातावर आदळली. मानेवर छान बसली. तात्पुरती काढली. आता ऐकायचं. पेन्सिलीच्या टोकाएवढा एक प्रोब असतो, तो वाहिनीला टेकवला की आतल्या रक्ताचा आवाज यंत्रातून ऐकू येतो. फुग्यावर टेकवला, शांत. उत्तम. मूळ वाहिनीवर टेकवला, फुस्स, फुस्स. उत्तम. फांदीवर टेकवला.

शांत.

डॉक्टरांनी जागा बदलून पुन्हा टेकवला. यंत्रातून नुसती खरखर आली. फांदी चिमटली होती. या क्षणी मोठ्या सिस्टरांचे शब्द एकेक करून गुदमरत होते, आणि त्यांच्यावर बसलेली क्लिप डॉक्टरांनी स्वतः, नाव घेऊन मागितली होती.

क्लिप काढली. फांदीत पुन्हा फुस्स सुरू झालं. मेंदूला दहा मिनिटं विश्रांती दिली. मग तात्पुरती क्लिप पुन्हा लावली.

"एक मिनिट," भूलवाले म्हणाले.

डॉक्टरांनी फांदी आणि मान यांच्यामध्ये फट केली. केसाएवढी.

"दोन."

आता क्लिप. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि आत काहीही नव्हतं. आरसा, कपाट, फ्रिज, सगळ्यांवरच्या चिठ्ठ्या कोऱ्या. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्यांना छप्पन्नाव्या वर्षी कळलं. पण डोळ्यांपुढे क्लिप दिसत होती. फांदी तिच्यातून कशी जाणार तेही दिसत होतं. उजवा हात बाजूला पसरला गेला, बावीस वर्षं पसरत होता तसाच.

"ते," डॉक्टर म्हणाले.

स्वतःचा तो शब्द कानावर पडला, आणि "म्हणजे..." असं म्हणायला त्यांनी श्वास घेतला.

तळहाताला काहीतरी टेकलं होतं. आदळलं नव्हतं. चिमटा होता, टोकाशी क्लिप, आणि डॉक्टरांनी ती मायक्रोस्कोपखाली नेली तेव्हा बुडाशी कडं चमकलं. त्यांनी कड्यातून फांदी जाऊ दिली, पाती मानेवर आणली आणि हळूच सोडली.

"साडेतीन," भूलवाले म्हणाले.

तात्पुरती काढली. फुग्यावर प्रोब, शांत. मूळ वाहिनीवर, फुस्स. फांदीवर टेकवताना डॉक्टरांनी डोळे मिटले, जे मेंदूच्या डॉक्टरांनी अजिबात करू नये.

फुस्स, फुस्स, फुस्स.

टाके घालून झाल्यावर हात धुताना डॉक्टर हाडांकडचीच्या शेजारच्या नळाशी उभे राहिले.

"तुला कसं कळलं?"

"काय, सर?"

"मी 'ते' म्हणालो. त्र्याहत्तर वस्तू होत्या."

"तुम्ही हाताने सांगितलंत ना," ती म्हणाली. "सरळ हवी असली की तुमचा तळहात ताठ असतो. वाकडी हवी असली की शेवटची दोन बोटं दुमडतात. कड्याची हवी असली की अंगठा इथे येतो." तिने साबणाच्या हाताने तर्जनीचं टोक दाखवलं. "मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तोंडाकडे लक्ष देऊ नकोस, ते कॅन्टीनसाठी आहे. हाताकडे बघ. म्हणून तर रोज पाच वाजता शिकवणी होती माझी."

"तुझी?" डॉक्टर म्हणाले. नळ वाहतच होता. "परीक्षा माझी होती."

"हो, सर. तुमच्यावर शिकवत होत्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. डॉक्टरांनी तर चार दिवस रोज पाच वाजता, स्टुलावर बसून, हात दाखवला होता. आपण विद्यार्थी आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि प्रत्यक्षात ते फळा होते. राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांत पाणी आलं, म्हणून त्यांनी तोंडही धुऊन घेतलं.

संध्याकाळी मोठ्या सिस्टर शुद्धीवर आल्या. दोन्ही हात हलवले, दोन्ही पाय हलवले, सांगितल्यावर जीभही बाहेर काढली. डॉक्टरांनी खिशातला पेन समोर धरला. "सिस्टर, हे काय आहे?"

सिस्टर पेनाकडे बघत राहिल्या. ओठ हलले. खूप वेळाने आवाज आला.

"ते."

पोस्टमननी भिंतीला हात टेकला.

डॉक्टर म्हणाले की असं होतं, मेंदूला हात लागला की थोडी सूज येते, दोन-चार दिवसांत शब्द परत येतात. हे खरं होतं आणि त्यांनी शेकडो नातेवाइकांना सांगितलं होतं. ते ऐकताना कसं वाटतं हे मात्र त्यांना आज कळलं, कारण आज ऐकणाऱ्यांत ते स्वतःही होते.

सकाळी सात वाजता डॉक्टर पुन्हा हजर झाले. मोठ्या सिस्टर उशीला टेकून बसल्या होत्या आणि चिडल्या होत्या. उजवा हात पुढे करून म्हणत होत्या, "ते." यजमानांनी चष्मा दिला. तो त्यांनी बाजूला ठेवला. "ते." हाडांकडचीने पाणी दिलं. तेही बाजूला. यजमानांनी कंगवा पुढे केला तेव्हा, पट्ट्यांनी बांधलेल्या डोक्याखालून, त्यांनी अशी नजर टाकली की कंगवा आपोआप खिशात गेला.

"ते," सिस्टर म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात भीती होती. बावीस वर्षांत डॉक्टरांनी ती कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर खाटेजवळ गेले. काय हवंय, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आयुष्यात पहिल्यांदा, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्यांनी हाताकडे बघितलं. छोटा, साबणाने भेगाळलेला हात. अंगठा तर्जनीवरून पुन्हा पुन्हा सरकत होता, आणि दर वेळी मनगट किंचित डावीकडे वळत होतं. जाड पान उलटावं तसं.

डॉक्टर धावत सुटले. विभागप्रमुखांना जिन्यावरून धावताना पाहून दोन वॉर्डबॉय भिंतीला चिकटले. थिएटरच्या कपाटात एक निळ्या पुठ्ठ्याची वही असे. पेशंटच्या डोक्यात कायमची राहिलेली प्रत्येक क्लिप, तिच्या पाकिटावरचं लेबल चिकटवून, त्या वहीत नोंदवायची. बावीस वर्षं हे काम मोठ्या सिस्टर करत होत्या. एकही पान त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मिटलं नव्हतं.

वही मांडीवर ठेवताच सिस्टरांचा चेहरा सैल झाला. शेवटचं पान काढलं. स्वतःच्या नावापुढचं लेबल सापडलं. त्यावर बोट ठेवून त्या बघत राहिल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"क," सिस्टर म्हणाल्या. "कड... कड्याची." थोडं थांबून, "सात."

पोस्टमन खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि डब्याच्या पिशवीनेच डोळे पुसू लागले.

"कड्याची, सात," डॉक्टर म्हणाले. "फांदी छान चाललीय, सिस्टर."

सिस्टरांचं बोट लेबलावरून हललं नाही. "आधी?" त्यांनी विचारलं. बावीस वर्षं ऑपरेशनं पाहिलेल्या बाईला, आधी काहीतरी झालं असणार, हे वही न सांगताही कळत होतं.

"आधी वाकडी लावली. नऊ. फांदी चिमटली, म्हणून काढली," डॉक्टर म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून त्यांनी जोडलं, "पण ती मी नाव घेऊन मागितली होती, सिस्टर. बरोबर नाव घेऊन. किती मार्क?"

सिस्टरांनी हाडांकडचीकडे पाहिलं. हाडांकडचीने मान खाली घातली.

"बोटं तेव्हाही कड्याचीच होती," ती हळूच म्हणाली. "पण सर एवढे ठासून वाकडी म्हणाले, की मला वाटलं..."

मोठ्या सिस्टरांनी वही मिटली. एकेक शब्द हुडकून, तपासून, त्या म्हणाल्या, "तिला. नऊ. दहापैकी."

"आणि एक कशाला कापला?" डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टरांना पुढचा शब्द सापडायला वेळ लागला. डॉक्टर थांबले. सापडला तेव्हा तो अख्ख्या वाक्यासकट आला, आणि आवाजही नेहमीचा होता.

"तुमचं ऐकलं म्हणून."